हिरवळीची किळस

बोर्ली पंचतन
२१ जुलै २०२४

नेत्रावन्सं, नमस्कार.

पत्र बघून दचकू नका. फोनवर बोलता आलं असतं तर बोलले असते. पण तुमचा फोन भावोजींच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात टेबलावर स्पीकर लावून पडलेला असतो. मी "हॅलो" म्हटलं की पलीकडे दोन ड्रायव्हर खोकतात. म्हणून लिहिते आहे. एकट्याच वाचा.

विषय गवत कापायच्या मशीनचा आहे. आपण पर्यटकांसाठी तीन खोल्या सुरू केल्या तेव्हा तुम्ही हौसेने पुढच्या अंगणात लॉन लावून घेतलं आणि भावोजींनी त्यांच्याकडचं पेट्रोलचं मशीन पाठवलं. ते मशीन परत घेऊन जा. मला त्याची शिसारी आली आहे.

सांगते का ते. दोरी ओढली की आधी निळा धूर सुटतो आणि तो सरळ माझ्या स्वयंपाकघरात शिरतो. पोह्यांना पेट्रोलचा वास, चहाला पेट्रोलचा वास. मागच्या महिन्यात ठाण्याच्या एका बाईंनी पहिला घोट घेतला आणि पायरीवरून खाली थुंकला. मला राग आला नाही. मलाही तेच करावंसं वाटत होतं. तेल गळतं, ते पावसाच्या पाण्याबरोबर विहिरीकडे जातं. पाण्यावर रंगीत तवंग दिसला तेव्हापासून आम्ही पिण्याचं पाणी शेजारच्या गोदूकडून आणतो. आणि पावसात त्या गवतात बेडूक असतात, वन्सं. मशीन गवताबरोबर त्यांनाही बाजूने बाहेर फेकतं. ओटीच्या भिंतीवर काय काय उडालं ते मी लिहीत नाही. दोनदा भिंत धुतली. तरी मला ते दिसतं.

सध्या मशीन गोठ्यात ताडपत्रीखाली आहे. हे ते चालवत नाहीत. घसरून पायाला थोडं लागलं आहे, काळजी करू नका.

कापलेल्या गवताचा वास लोकांना आवडतो म्हणे. मला तो आला की मी पदर नाकाला लावते.

मृणाल


कामोठे
४ ऑगस्ट २०२४

मृणाल,

पत्र वाचलं. एकटीनेच वाचलं, ऑफिसच्या मागच्या खोलीत बसून, चोरी केल्यासारखं. त्यात होतं काय, तर बेडूक!

अगं, गवत म्हटलं की बेडूक आलेच. धूर येतो तर खिडकी लाव. मशीन एकदम चालू कंडिशनमध्ये आहे, ह्यांनी स्वतः तपासून पाठवलं होतं. हल्ली तू मोबाइलवर ते पर्यावरणवाल्यांचे व्हिडिओ बघतेस, दिपाली सांगत होती. बघ, माझी ना नाही. पेट्रोल नको तर विजेवरचं आण. काय हवं ते आण, पण लॉन हिरवंगार राहिलं पाहिजे. कारण आता खरी बातमी सांगते: दिपालीचं जमलं. मुलगा उरणचा, प्रणय नाव, बंदरात नोकरीला आहे. साखरपुडा ८ डिसेंबरला, रविवारी, आणि तो आपल्या बोर्लीच्या लॉनवर! मी त्या लोकांना फोटो दाखवले. मुलाची आई म्हणाली, "अगदी रिसॉर्टसारखं वाटतंय." हॉल-बिल काही नको, माहेरच्या अंगणात माझ्या मुलीचा साखरपुडा. किती वर्षं मनात होतं माझ्या.

कमलेशला पायाचं विचारलं तर म्हणाला मुरगळलाय. शेकायला सांग.

नेत्रा


बोर्ली पंचतन
३० ऑगस्ट २०२४

नेत्रावन्सं,

दिपालीची बातमी वाचून डोळे भरून आले. तिला माझ्याकडून जवळ घ्या.

तुम्ही म्हणालात काय हवं ते आण, म्हणून मी सगळं करून पाहिलं. आधी वायरीवर चालणारं विजेचं मशीन, दिवेआगरच्या एका बंगल्यावरून मागून आणलं. धूर नाही, वास नाही. पण ओल्या गवतात विजेची वायर ओढत फिरायचं म्हणजे जीव मुठीत. त्यात बोर्लीची वीज. अर्धं अंगण कापून झालं की ती जाते, आणि लॉन अर्धी हजामत झालेल्या डोक्यासारखं दिसतं.

मग इंजिनच नसलेलं आणलं. ढकललं की चाकाबरोबर पाती फिरतात, कात्रीसारखा आवाज येतो. ते मला खरंच आवडलं. पण गवत जरा वाढलं की ओल्या झिपऱ्या पात्यांना गुंडाळतात आणि हाताने ओढून काढाव्या लागतात. आत कुजकट हिरवा लगदा, त्यात गांडुळांचे तुकडे. वर खाऱ्या हवेने पाती आठवड्यात तांबूस झाली.

शेवटी म्हसळ्याहून बॅटरीवरचं आणलं. चांगलं आहे, शांत आहे. दोष काढायला जागा नाही. पण बटण दाबलं, पातं फिरायला लागलं, आणि मी हात काढून घेतला. मी ते तसंच उभं करून न्हाणीघरात जाऊन ओकून आले. का ते विचारू नका, मला ऊन सोसत नसेल.

सध्या गोदू विळ्याने कापून नेते. पूर्वीही तिला गवत देत होते, पण ती घेत नसे. म्हणायची, "त्याला म्हस तोंड लावत न्हाय, बाय. वास मारतो." आता भारा डोक्यावर घेऊन हसत जाते.

मला मशीन बदलायचं होतं, वन्सं. आता वाटतं, लॉनच नको.

मृणाल


कामोठे
१६ सप्टेंबर २०२४

मृणाल,

गणपतीत मुलाकडचे आमच्या घरी येणार होते म्हणून मला माहेरी येता आलं नाही. मग कमलेशला म्हटलं, एक दिवस तू ये, मामा म्हणून तुझी ओळख करून देते. तो आला नाही. पाय मुरगळून दोन महिने झाले, अजून मुरगळलेलाच? फोनवर धड बोलत नाही. "चालतंय ताई, चालतंय ताई" म्हणतो आणि ठेवून देतो.

मी मूर्ख नाही. एकीकडे भाऊ येत नाही, दुसरीकडे तू लॉनच नको म्हणतेस. तुला साखरपुडा तुमच्याकडे नको असेल तर तसं सरळ सांग. बेडकांच्या आणि म्हशींच्या आड लपू नकोस. तुला मूल नाही म्हणून माझ्या मुलीचं कौतुक तुझ्याने बघवत नसेल, असं माझ्या मनातही येऊ नये, पण आलं. लिहिलं. आता खोडत नाही.

नेत्रा


बोर्ली पंचतन
७ नोव्हेंबर २०२४

नेत्रावन्सं,

तुमच्या पत्राला इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते वाचून तुम्ही पुन्हा या घरात पाऊल ठेवलं नसतं. ते वाक्य मी वाचलं, पत्र घडी करून तांदळाच्या डब्यामागे टाकलं आणि हात धुतले. दोनदा धुतले. इतकंच सांगते.

साखरपुडा इथेच होईल. दिपाली मला परकी नाही. पण लॉन उरलं नाही. पाऊस संपल्यावर मी ते मुळापासून खणून काढलं. खालची माती काळी, चिकट आणि आंबूस निघाली. जिथे मशीन उभं राहायचं तिथला वास तर सगळा खड्डा उपसला तेव्हा गेला. ती माती बाहेर टाकली, लाल माती पसरली, पाणी मारलं आणि मी, गोदू आणि तिची जाऊ, तिघींनी चोपण्यांनी चोपून अंगण केलं, पूर्वी दिवाळीनंतर करत तसं. परवा शेणाने सारवलं. कडेला अबोली आणि झेंडू लावलेत. कापायचं काही नाही, पेट्रोल नाही, बॅटरी नाही. सकाळी झाडू मारला की झालं.

काल संध्याकाळी पहिल्यांदा मी ओटीवर बसून पोटभर जेवले.

मृणाल


कामोठे
१३ नोव्हेंबर २०२४

मृणाल,

शेण? तू पाहुण्यांना शेणावर बसवणार? मुलाची आई पैठणी नेसून येणार आहे, मृणाल! मी माहेर सोडलं तेव्हा पहिली सुटका कसली झाली असेल तर सकाळी सकाळी पाटीत हात घालण्याची. तो वास नखातून जात नसे. आणि तू लॉन उपटून तेच आणलंस!

पत्रिका वाटून झाल्या आहेत, म्हणून. नाहीतर हॉल बघितला असता. वरून गालिचे टाक, स्टेज चांगलं उंच कर. आणि दुर्गंधी येता कामा नये.

नेत्रा


कामोठे
१० डिसेंबर २०२४

मृणाल,

काल दिवसभर माझ्याने काही झालं नाही. आज लिहिते.

गालिचे तू टाकलेच नाहीस हे मी गाडीतून उतरता उतरता पाहिलं आणि माझं डोकं तडकलं. पण मुलाची आई अंगणाच्या कडेला थांबली, चपला काढल्या आणि म्हणाली, "आमच्या आजोळी असंच होतं." तिच्यामागून सगळ्यांनीच काढल्या. अनवाणी पोरं इकडून तिकडे पळत होती. वास? मला तर अबोलीचा आणि उदबत्तीचा आला. मान्य करते.

सगळ्यांच्या पायात काही नव्हतं, फक्त कमलेशच्या पायात काळे बूट. भटजी म्हणाले, "मामा, या, मुलीला पाटावर बसवा." तो बूट घालूनच पुढे आला. भटजी खेकसले, "अहो, पादत्राणं काढा!" तो खाली वाकला. मी त्याच्यासमोरच कुंकवाचं ताट घेऊन उभी होते.

मृणाल, माझ्या भावाच्या उजव्या पायाला अंगठा नाही. शेजारचं बोटही नाही. तिथे नुसती गुलाबी, चकचकीत, ओढलेली कातडी आहे. मी विचारलं, "हे काय?" तर तो हसला आणि म्हणाला, "दगड पडला ताई, चालतंय." आणि माझ्या पोरीचा हात धरून तिला पाटावर बसवलं.

दगड नाही. दगडाने असं कापलं जात नाही. तू पहिल्या पत्रापासून मला सांगत होतीस आणि मी बेडकांना हसत होते. आता सगळं लिही. काही ठेवू नकोस.

तुझ्या मूल नसण्याबद्दल मी जे लिहिलं, ते लिहिणाऱ्या हाताची मला लाज वाटते.

नेत्रा


बोर्ली पंचतन
१५ डिसेंबर २०२४

वन्सं,

लिहिते. हे तुम्हाला सांगणार नाही असं मी ह्यांना वचन दिलं होतं. तुम्हीच पाहिलंत, आता ते वचन राहिलं कुठे?

जुलैच्या सुरुवातीची गोष्ट. पाऊस जरा उघडला होता, शनिवारचे पाहुणे येणार होते. हे सकाळी मशीन घेऊन विहिरीकडच्या उतारावर गेले, पायात साधी स्लीपर. मी आत भाकऱ्या थापत होते. आवाज चालूच होता, म्हणून मला कळलंच नाही. नेहमी हे ओरडले तर मला ऐकू येतं. त्या आवाजात माणूस ओरडला तरी कळत नाही, वन्सं. पाहुणे आले का बघायला मी बाहेर आले तर हे गवतात बसलेले, दोन्ही हातांनी पाय धरलेला, आणि मशीन बाजूला सुरूच. मी हँडल खेचलं तरी बंद होईना. गवत हिरवं राहिलंच नव्हतं. मी त्या गवतात हाताने चाचपत बोटं शोधली. पिशवीत घालून नेली. डॉक्टर म्हणाले, जोडण्यासारखं काही उरलेलं नाही.

आता ज्याच्यासाठी हे लपवलं ते सांगते. त्या मशीनला हँडलखाली एक दांडा असतो. तो हाताने दाबून धरला तरच ते चालतं, हात सुटला की आपोआप थांबतं, माणूस पडला तर वाचावा म्हणून. आपल्या मशीनचा तो दांडा हँडलला तारेने आवळून बांधलेला होता. आला तेव्हाच बांधलेला होता. भावोजी तेव्हा मला म्हणाले होते, "मीच बांधलाय, वहिनी. सारखा दाबून हात दुखतो. आता आरामात चालवा." आम्हाला काय कळत होतं? छान सोय केली असंच वाटलं.

हे म्हणाले, ताईला कळलं तर तिच्या घरात आग लागेल, आणि आत्ताच तर दिपालीचं जमतंय. मी गप्प बसले. पण गप्प बसून बसून मला सगळ्याचीच किळस यायला लागली. मशीनची, गवताची, फोनवर "मजेत ना?" विचारणाऱ्या भावोजींच्या आवाजाची. आणि कधी कधी तुमचीही. खोटं कशाला बोलू.

मशीन आता इथे नाही. साखरपुड्याहून निघताना भावोजींनी ते टेम्पोत टाकून नेलं. म्हणाले, "इथं नुसतं गंजेल." मी त्याला जुलैपासून हात लावला नव्हता, तार तशीच होती. त्यांनी ती पाहिली.

मृणाल


कामोठे
२८ डिसेंबर २०२४

मृणाल,

तुझं पत्र वाचलं आणि ऑफिसात जाऊन सगळ्यांच्या देखत विचारलं, "मशीन कुठाय?" हे म्हणाले, "किहीमला एका पार्टीच्या बंगल्यावर दिलं. का?" मी रंगू ड्रायव्हरला उठवलं, गाडी काढायला लावली आणि तशीच किहीमला गेले.

बंगल्याच्या फाटकाबाहेरूनच तो आवाज आला. आत राखणदाराची बायको लॉन कापत होती. साडीचा ओचा खोचलेला, पायात रबरी चपला, पोटुशी होती, मृणाल. मी ओरडले तर तिला ऐकू गेलं नाही. तू लिहिलं होतंस तेच. पळत जाऊन तिच्यापुढे उभी राहिले, तेव्हा ती घाबरली आणि तिने हँडल सोडून दिलं. आणि ते थांबलं नाही. जागच्या जागी थरथरत, गुरगुरत, गवत भिरकावत राहिलं. मला एखादं जनावर बघितल्यासारखं झालं. रंगूने ते बंद केलं. तार होती. तशीच. मी पक्कड मागितली आणि स्वतः तोडली, हाताला कापलं तरी तोडली. मशीन गाडीत घालून आणलं, यार्डात त्याचं इंजिन सुटं करायला लावलं आणि सगळं भंगारवाल्याला दिलं.

घरी आल्यावर विचारलं, "कमलेशचा पाय तुम्हाला कधी कळला?"

मला वाटत होतं, साखरपुड्याला. तुलाही तसंच वाटत असणार. हे टीव्हीवरून नजर न काढता म्हणाले, "त्याच दिवशी. दवाखान्यातून फोन केलेला त्याने. मीच म्हटलं, सध्या कुणाला बोलू नको, नेत्राला तर अजिबात नको. बोलणी चालू आहेत, लोक अपशकुन मानतात."

म्हणजे कमलेश माझ्यासाठी गप्प नव्हता बसला. ह्यांनी बसवला होता. तुलाही त्याने हे सांगितलं नाही. आणि पाय माहीत असून, तार डोळ्यांनी बघून, ह्यांनी ते मशीन त्या बाईच्या हातात दिलं. मी विचारलं, "तार का नाही काढली?" म्हणाले, "लक्षात नाही आलं. त्यात काय एवढं, कमलेशनेही जरा बघून चालवायला हवं होतं."

तेव्हा मी त्यांना जेवायला वाढत होते. माझ्या हातातला डाव तसाच राहिला. भाताकडे बघवेना, त्यांच्या बोटांकडे बघवेना. दहाच्या दहा बोटं. मी उठून गेले.

तेव्हापासून मी त्यांच्याशी एकच वाक्य बोलते: कमलेशकडे जाऊन या. एकटे जा, माझ्या गाडीने नाही, एसटीने जा. आधी हसले. मग चिडले. काल म्हणाले, "बरं, जातो."

नेत्रा


बोर्ली पंचतन
११ जानेवारी २०२५

वन्सं,

भावोजी काल आले. म्हसळ्याला गाडी बदलून, हातात फळांची पिशवी घेऊन. अंगणात येताना चपला काढायला विसरले, मी "चपला" म्हटलं तेव्हा काढल्या.

ओटीवर बसले. हे समोर खुर्चीत. भावोजींनी एसटीचं सांगितलं, माणगावच्या रस्त्याचं सांगितलं, उरणच्या लोकांचं सांगितलं. मी चहा ठेवला. तेव्हा ते ह्यांच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "बाकी काय कमलेश? चालतंय ना सगळं?"

आणि हे म्हणाले, "चालतंय दाजी."

वन्सं, मी इतके महिने ओकाऱ्या काढल्या, पण त्या एका शब्दाची जितकी किळस आली तितकी कशाचीच आली नव्हती. मी भावोजींच्या हातातला कप काढून घेतला. म्हटलं, "न्हाय चालत, भावोजी." मी एरवी असं बोलत नाही, पण तोंडून तसंच आलं. "ह्यांना धड चालता येत न्हाय. तुम्ही बघा." आणि ह्यांना म्हटलं, "उठा. या खांबापासून त्या खांबापर्यंत जाऊन दाखवा."

मला वाटलं हे ऐकणार नाहीत. पण उठले. मोजा काढला आणि अंगणात उतरले. टाच आधी टेकतात, मग पाय बाहेरच्या बाजूला टाकतात, मग पुढे झोक जातो तो सावरतात. तुम्ही साखरपुड्याला चार पावलं पाहिलीत. भावोजींना मी ह्यांचं जाणं-येणं दोन्ही बघायला लावलं. त्यांनी मध्येच तोंड फिरवलं. मी म्हटलं, "इकडे बघा."

हे परत येऊन बसले आणि स्वतःहून बोलायला लागले. मला वाटतं इतकं एका दमात ते जुलैपासून बोलले नव्हते. "दाजी, जी बोटं न्हाईत ती खाजतात. रोज. हात नेतो तर तिथं काय न्हाय. बांधावर चढलो तर पडतो. चिखलात पाय धरत न्हाय, गेल्या साली सगळी लावणी हिनं नि गोदूनं केली. आणि तुम्ही मला दवाखान्यात म्हणालात, बोलू नको. माझा पाय तेव्हा बांधलेला बी न्हवता. मी व्हय म्हटलं. का म्हटलं ते मला अजून कळत न्हाय."

ह्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. खाजेचंही.

भावोजी खाली बघत होते. तसेच म्हणाले, "तार मी बांधली. गप मी बसवलं. चुकलं माझं, कमलेश." आवाज अगदी लहान होता, ऑफिसातला नव्हता. मग मान वर करून ते ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मला लगेच कळलं कशाची वाट बघताहेत. ह्यांनी नेहमीचं "चालतंय" म्हणावं, म्हणजे पिशवी ठेवून परतीची गाडी पकडता येईल.

ते ह्यांनी म्हटलं नाही. मोजा घातला, बुटाची नाडी सावकाश बांधली आणि अंगणाकडे बघत बसले. परतीची गाडी कोपऱ्यावर हॉर्न वाजवून निघून गेली, तरी भावोजी तिथेच बसले होते.

मृणाल